वच्छलाबाईंची वाटी आणि जपान

रिकामं भांडं परत द्यायचं नसतं, हे मी साचिकोला सांगितलं आणि नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या गल्लीची शांतता गेली ती गेलीच. माझा हेतू शुद्ध होता. परक्या देशात एकट्या राहणाऱ्या बाईला इथल्या रीतीभाती समजावून सांगणारं कोणीतरी हवं, आणि गल्लीत परदेशाचा अनुभव असलेला माणूस मी एकटाच. मी यात्रा कंपनीबरोबर सिंगापूरला जाऊन आलो आहे. कंपनीचा आचारी सोबत असल्यामुळे तिथेही रोज वरणभातच खाल्ला, पण परदेशात खाल्ला, ही गोष्ट कोणी नाकारू शकत नाही.

साचिको म्हणजे आमच्या वरच्या दोन खोल्यांतली भाडेकरू. जपानची. हिंगण्याच्या एका कारखान्यात नवी यंत्रं बसवून इथल्या लोकांना ती शिकवायला वर्षभरासाठी आलेली इंजिनियर. वय पस्तिशीच्या आतबाहेर. बोलणं हळू आणि चालणं त्याहून हळू, त्यामुळे ती घरी आली की नाही हे कळण्यासाठी मला दार उघडून जिन्यात बघावं लागे. तिला हॉटेलात राहायचं नव्हतं, 'माणसं राहतात तिथे' राहायचं होतं. हे वाक्य मला इतकं आवडलं की मी लगेच किल्ली दिली. माणसं राहतात तिथे नेमकं काय होतं, हे तिला कोणी सांगितलेलं नव्हतं.

माझी बायको शोभा तेव्हा पुण्याला होती, आमच्या मिनलच्या बाळंतपणासाठी. जाताना तिने दोनच गोष्टी बजावल्या. "कूलरमध्ये रोज पाणी भरा. अन् वरची पोरगी परक्या मुलखात एकटी आहे, तिले एकटं वाटू देऊ नका." पहिली गोष्ट मी विसरत असे. दुसरी गल्लीने माझ्या हातून काढून घेतली.

सुरुवात समोरच्या वच्छलाबाईंनी केली. त्यांचे यजमान ताराचंदजी यांचा लकडगंजात लाकडाचा धंदा आहे, पण गल्लीत घर ओळखलं जातं ते वच्छलाबाईंच्या हाताच्या चवीवरून. त्यांनी एका दुपारी स्टीलची मोठी वाटी भरून सांबारवडी वर नेऊन दिली. कोथिंबिरीला आम्ही सांबार म्हणतो, आणि ती वडी खाल्ल्यावर माणूस काही काळ दुसऱ्या कशाचा विचार करू शकत नाही. संध्याकाळी साचिको धुतलेली, पुसलेली वाटी दोन्ही हातांत धरून माझ्या दारात उभी राहिली आणि आता या वाटीचं काय करायचं असतं, असं तिने इंग्रजीत विचारलं. मी शास्त्र सांगितलं. रिकामी द्यायची नाही, काहीतरी घालून द्यायची, घरात काहीच नसेल तर चिमूटभर साखर.

तिचा चेहरा उजळला. "आमच्या गावीही असंच असतं," ती म्हणाली.

दोन प्राचीन संस्कृती माझ्या जिन्याखाली एकमेकींना भेटत आहेत, असं मला वाटलं आणि मी भारावलो. त्याच भरात शोभाला फोन करून सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि कूलरमध्ये पाणी भरलं का, असं विचारलं.

आता एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. आपल्याकडे ही देवाणघेवाण शतकानुशतकं सुरळीत चालली आहे ती आपल्या संस्कृतीमुळे नव्हे, आपल्या आळसामुळे. शेजारणीची वाटी आपल्या ओट्यावर आठवडाभर पडून राहते. मग ती आपल्याच वाट्यांत मिसळते. मग कधीतरी संक्रांतीला तिची आठवण होते, तेव्हा तिच्यात तिळगुळाचे दोन लाडू टाकून ती रवाना होते, आणि तोपर्यंत मूळ पदार्थ कोणता होता हे दोन्ही पक्ष विसरलेले असतात. साचिको आळशी नव्हती. ती वाटी त्याच संध्याकाळी परत गेली, आणि तिच्यात जपानहून आणलेल्या मिठाया होत्या, प्रत्येक वेगळ्या कागदात गुंडाळलेली.

वच्छलाबाई हरणाऱ्यांतल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी वाटीतून कैरी किसून केलेला तिखटगोड तक्कू गेला. साचिकोच्या मिठाया संपत आल्या होत्या, म्हणून तिने त्या वाटीत अर्धी मिठाई आणि कागदाचा घडी घालून केलेला बगळा पाठवला. वच्छलाबाईंनी तो बगळा काचेच्या कपाटात ठेवला आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवला. तो बघायला आलेल्या बायकांनी घरी जाऊन आपापल्या वाट्या भरल्या. आपण मागे राहिलो असं वाटायला लागलं की आमच्या गल्लीत कढई चढते.

आमच्या भिंतीला भिंत लागून राहणारी दामिनी ही तरुण सून, नोकरी करणारी. एरवी तिच्या घरी पोळ्यासुद्धा बाहेरून येतात. तिनेही कढी पाठवली. माझ्याकडे बघत म्हणाली, "काका, सगळे देऊन राहिले, मीच नाही दिलं तर बरं दिसते का?"

मिठाया संपल्या, तेव्हा साचिको स्वयंपाक करायला लागली. इथे सरकार आडवं आलं. तिच्या नावावर गॅस घ्यायला मी एजन्सीत गेलो, तर खिडकीतल्या माणसाने आधार कार्ड मागितलं. मी म्हटलं, "ती जपानची आहे." त्याने मान वर न करता सांगितलं, "मग जपानचं आधार कार्ड आणा." मी त्याला सिंगापूरच्या अनुभवाच्या आधारे चार गोष्टी सांगणार होतो, पण मागचा माणूस मला बाजूला सरकवून पुढे झाला.

म्हणून विजेची शेगडी आणली. ती वर सुरू झाली की खालचा माझा कूलर बंद पडे, कारण आमच्या घराची वायरिंग दोन्ही एकदम सहन करत नाही. एप्रिल संपत आलेला. नागपूरचा एप्रिल कसा असतो हे नागपूरच्या बाहेरच्यांना सांगून पटत नाही आणि आतल्यांना सांगायची गरज नाही. रोज संध्याकाळी मला दरदरून घाम फुटला की मी ओळखत असे, वर वच्छलाबाईंची वाटी भरली जाते आहे.

साचिकोने तीळ लावलेले भाताचे गोळे पाठवले, त्यांना समुद्रातल्या शेवाळाची काळी पट्टी गुंडाळलेली. हे शाकाहारी आहे की नाही, यावर चौकात चर्चा झाली. मला तज्ज्ञ म्हणून बोलावलं होतं, पण मी तोंड उघडायच्या आत ताराचंदजींनी निकाल दिला. "शिंगाडा कुठं वाढते गा? पाण्यातच ना? मग हे काहून चालणार नाही?" सभा बरखास्त झाली. माझं मत कोणी विचारलंच नाही, ते मी इथे नोंदवून ठेवतो: मीही हेच म्हणणार होतो.

मध्येच पोलिसांचा विषय झाला. परदेशी भाडेकरू ठेवल्याची माहिती वेळेत भरावी लागते, तशी मी ती इंटरनेटवर भरली होती. तिचा फोटो मोठा होतो म्हणून तीनदा नाकारला गेला आणि माझा छोटा होतो म्हणून दोनदा, माझा का हवा होता हे शेवटपर्यंत कळलं नाही. मग वसंत नावाचा हवालदार खात्री करायला आला. नेमका तेव्हा वर भात शिजत होता. साचिकोने त्याला बसवलं, वाकून नमस्कार केला आणि परत जाताना हातात डबा दिला. दुसऱ्या दिवशी तो गणवेशातच पुन्हा गल्लीत शिरला. खिडक्या उघडल्या, गोपाळरावांच्या, म्हणजे माझ्या, घरी काहीतरी निघालं अशी कुजबुज झाली. वसंतने डबा माझ्या हातात दिला आणि अवघडून म्हणाला, "बायको म्हणे, खाली डबा वापस नाही नेत म्हणून. भरीत आहे. मॅडमले सांगा." अशा रीतीने पोलीस खातंही या चक्रात सामील झालं.

एवढं अन्न एकटी बाई खाणार कसं? ती खात नव्हतीच. वरून रोज एक डबा खाली माझ्याकडे येई, त्यात पाच घरांचं पाच प्रकारचं जेवण. शोभा गेल्यापासून मी स्वयंपाकघरात फक्त पाणी प्यायला जात होतो. शोभा फोनवर विचारी, "जेवण काय केलं?" आणि मी खरं सांगे. सुरुवातीला तिला माझं कौतुक वाटलं असावं, पुढे पुढे ती नुसतं "हं" म्हणायची.

मग वाटीचं प्रकरण झालं. आपल्याकडे स्टीलच्या भांड्यावर मालकिणीचं नाव कोरलेलं असतं, ते साचिकोला वाचता येत नव्हतं. एकदा दामिनीच्या घरून आलेली वाटी तिने चुकून वच्छलाबाईंकडे परत पाठवली. वच्छलाबाईंनी सवयीने ती उलटी करून पाहिली. खाली कोरलेलं होतं, 'सौ. वच्छला'. जितेंद्रच्या, म्हणजे त्यांच्या मुलाच्या, लग्नात हरवलेली वाटी ती. तिच्यासाठी त्यांनी तेव्हा भांडी घासणाऱ्या बाईला काढून टाकलं होतं.

"ही वाटी तुह्याकडे कशी आली वं?" त्यांनी दामिनीला दारातूनच विचारलं.

"मले काय माहीत काकू, मी लग्न करून आली तेव्हापासून घरात आहे."

"म्हणजे तुही सासू."

"त्यांचं नाव नका घेऊ, त्या आता नाहीत."

"म्हणूनच कमी बोलून राहिली."

दोघींचं बोलणं बंद झालं. मला वाटलं, चला, या निमित्ताने वाट्या तरी कमी होतील. उलटंच झालं. एकमेकींशी बोलायचं नसल्यामुळे दोघींनी आपलं सगळं मन साचिकोच्या वाटीत ओतायला सुरुवात केली. एकीने पाटवडीचा रस्सा दिला की दुसरीकडून गोळाभात निघे. आणि पुन्हा चूक होऊ नये म्हणून साचिकोने भांड्यांवरची नावं वाचायला शिकायचं ठरवलं. मराठीची सुरुवात 'वच्छला' या शब्दापासून करणारी ती जगातली पहिली बाई असेल. 'च्छ' गिरवायलाच तिला आठवडा लागला.

मे महिना लागला आणि एका सकाळी ती खाली आली. नेहमीपेक्षा जास्त वाकली, तेव्हाच मला कळलं की काहीतरी वाईट आहे. महिनाअखेरीला मी जागा सोडते आहे, ती म्हणाली. वर्धा रोडला एका उंच इमारतीत कंपनीचा फ्लॅट आहे, तिथे कोणी कोणाला ओळखत नाही.

मी विचारलं, "इथे काही त्रास झाला का?"

"नाही. सगळे फार चांगले आहेत." ती म्हणाली. "कारखान्यातून आले की मी भांडी भरते. भरून संपली की झोपते. इथे आल्यापासून मी एकदाही खिडकीत बसलेले नाही."

मला वाईट वाटलं. आणि खरं तर भीतीही वाटली. शोभाला काय सांगू? पोरीला एकटं वाटू देऊ नका म्हणाली होती, तर आम्ही तिला इतकं एकटं वाटू दिलं नाही की ती पळून चालली. गल्लीत माझी काय पत राहील? जपानी बाई टिकवता आली नाही, असं म्हणतील. आणि संध्याकाळच्या डब्याचा विचार माझ्या मनात आलाच नाही, असं मी म्हटलं तर कोणी विश्वास ठेवणार नाही, म्हणून म्हणत नाही.

तिला थांबवायचं तर वाट्या थांबवायला हव्यात. वाट्या थांबवायच्या तर कोणीतरी एक वाटी रिकामी परत द्यायला हवी. साचिको ते मरेपर्यंत करणार नाही, वच्छलाबाई मेल्यावरही करणार नाहीत. उरलो मी. मनाशी बराच विचार करून मी ठरवलं की हे पाप आपण आपल्या डोक्यावर घ्यायचं. त्या संध्याकाळी साचिको कारखान्यातून यायच्या आत मी जिन्यात ठेवलेली वच्छलाबाईंची वाटी उचलली, खरकटं नाही ना बघितलं, आणि रस्ता ओलांडून ती त्यांच्या हातात दिली. रिकामी.

त्यांनी आत पाहिलं. मग वाटी उलटी करून नाव पाहिलं. मग पुन्हा आत पाहिलं.

मी मनात उत्तर तयार ठेवलं होतं. त्यांना राग येईल, त्या चार शब्द बोलतील, मी ऐकून घेईन, आणि चक्र थांबेल. पण त्यांच्या चेहऱ्यावर राग आलाच नाही. हातातली वाटी तशीच धरून त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, "काय झालं तिले?"

"काही नाही झालं."

"घरात साखरबी नाही का भाऊजी? चिमूटभर साखर नाही म्हणजे पोरीच्या घरात काहीच नाही." आणि त्यांनी माझ्या खांद्यावरून थेट समोरच्या खिडकीला हाक घातली. "दामिनी, ये वं इकडे. साची आजारी आहे."

इतक्या दिवसांनी त्या दामिनीशी बोलल्या. दामिनी आली, मागून आणखी दोघी-तिघी आल्या, ताराचंदजी बनियनवर आले. कोणी ग्लुकोज आणलं, कोणी लिंबू, ऊन लागलं असेल म्हणून कोणी कांदा आणला. मी मध्येमध्ये "अहो, ऐका तर" म्हणत होतो. आमच्या गल्लीत हे वाक्य ऐकलं जाण्याचा इतिहास नाही.

साचिको नुकतीच आलेली होती. दार उघडलं तेव्हा तिच्या हातात ब्रेडचा तुकडा होता आणि ओट्यावर काकडी. एवढंच तिचं जेवण. बाजूला भातासाठी तांदूळ धुऊन ठेवलेले, दुसऱ्यांच्या वाट्यांसाठी. तिने सगळ्यांना बघून ब्रेड पाठीमागे लपवला. मग तिला वच्छलाबाईंच्या हातातली रिकामी वाटी दिसली आणि तिचा चेहरा एकदम उतरला. तिने ती दिलेली नव्हती. बायकांनाही ते कळलं. भारत आणि जपान दोघांनी एकाच वेळी माझ्याकडे पाहिलं.

काही प्रसंगी माणसाला खरं बोलण्यावाचून गत्यंतर नसतं. मी सगळं सांगितलं. ती दमली आहे, ती जागा सोडून चालली आहे, तुम्ही देता म्हणून ती देते आणि ती देते म्हणून तुम्ही देता. एकदा मराठीत सांगितलं, एकदा इंग्रजीत.

वच्छलाबाई तिच्या पलंगाच्या कडेवर बसल्या. "अन् मी काय आरामात होती?" त्या म्हणाल्या. "माहे गुडघे गेले. उद्या तिच्या वाटीत काय टाकू, या विचारानं मले रातभर झोप नाही लागत."

दामिनी म्हणाली, "मी तर दोनदा हॉटेलातून आणून दिलं काकू."

"मले माहीत आहे. साचीनं मले चाखवली होती, त्या पाटवडीत मीठ जास्त होतं."

हे मी साचिकोला सांगितलं. ती आधी गंभीर झाली, मग तिने तोंडावर हात ठेवला. ती हसते आहे, हे कळायला आम्हाला वेळ लागला. मग वच्छलाबाईंनी तिचा हात ओढून ती वाटी त्यात ठेवली.

"ही वाटी इथंच ठेव. सगळ्याच ठेव. वापस द्यायच्याच नाहीत."

साचिकोने माझ्याकडे बघितलं. मी विचारलं, "वहिनी, असं कसं? वापस न देता?"

"काहून? माही मोठी पोरगी कुही गावाले दिली, भाऊजी. माहे अर्धे डबे तिच्याकडे आहेत. तिनं कधी भरून आणले का? लेकीच्या घरी गेलेलं भांडं कोणी वापस मागते का?"

मी शब्द शोधत ते इंग्रजीत सांगितलं. तिने विचारलं, "किती दिवस ठेवायचं?" मी ते वच्छलाबाईंना विचारलं. त्यांनी मला वेड्यात काढलं. लेक किती दिवस लेक असते, हे कोणी विचारतं का?

साचिकोने उत्तर ऐकलं. वाटी फळीवर ठेवायला ती वळली आणि बराच वेळ तशीच पाठमोरी उभी राहिली. वच्छलाबाई उठल्या, तिच्या पाठीवरून हात फिरवला, आणि भिजवलेल्या तांदळांकडे बघून दामिनीला म्हणाल्या, "एवढे तांदूळ वाया जातील. उचल ते, माह्याकडे खिचडी टाकू."

साचिको राहिली. वर्धा रोडचा फ्लॅट तिने नाकारला. वाट्या अजून जातात, पण अधूनमधून, कारण परत यायची भीती गेली की पाठवायची घाईही जाते. संध्याकाळी ती खिडकीत बसलेली दिसते. वरची शेगडी क्वचित लागते, माझा कूलर व्यवस्थित चालतो. सगळ्यांचं भलं झालं.

माझं मात्र संध्याकाळचं जेवण गेलं. शोभाचा पुण्यातला मुक्काम आणखी लांबला होता. पहिल्या दिवशी मी पोहे केले, दुसऱ्या दिवशीही पोहेच केले असावेत, पण ते ओळखता येत नव्हते. फोनवर शोभाने जेवण काय केलं विचारलं, तेव्हा मी खरं सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी मी कुकर लावला आणि शिट्टीची वाट बघत बसलो. बराच वेळ बसलो. नंतर कळलं की पाणी घालायचं राहिलं होतं.

घरात जळका वास भरलेला असताना दार वाजलं. साचिको उभी होती. हातात डबा, त्यात गरम भात, वरण, आणि आमच्या गल्लीत शिकलेली वांग्याची भाजी. मी डबा घेतला आणि सवयीप्रमाणे म्हटलं, धुऊन देतो, उद्या काहीतरी घालून देतो. काय घालणार होतो ते देवाला ठाऊक.

तिने हात हलवून मला थांबवलं. मग मनात शब्द जुळवून, एकेक करत, वच्छलाबाईंच्या स्वरात मराठीत म्हणाली, "ठेवा गा. वापस देऊ नका."

आणि वाकून वर निघून गेली. अशा रीतीने वयाच्या पासष्टाव्या वर्षी मी एका जपानी बाईची लेक झालो.